भिंत कुठल्या हाताला

माझी मुलगी इंग्लंडमध्ये जिथे राहते, त्याला गाव म्हणायला तिकडचे लोकही तयार नाहीत. अकरा घरं, बुटक्या चौकोनी मनोऱ्याचं एक चर्च आणि बंद पडलेली एक शाळा. त्या शाळेत आता एक कुटुंब राहतं. रस्त्याच्या वळणावर टेलिफोनची लाल खोली उभी आहे, पण आत टेलिफोन नाही. एका फळीवर लोकांनी ठेवलेली जुनी पुस्तकं आहेत, आणि कोणाचं हृदय बंद पडलं तर झटका द्यायचं यंत्र भिंतीला लावलंय. दुकान नाही. दुधाची पिशवी संपली तर गाडी काढावी लागते.

हे सगळं मला तिथे पाऊल न ठेवता माहीत होतं. मुलगी घरूनच काम करायची आणि कामाला बसण्याआधी रोज सकाळी एक चक्कर मारून यायची. तिचे सकाळचे आठ म्हणजे आमच्या उज्जैनचे दुपारचे दीड. जेवणाची भांडी आवरून मी नानाखेड्याच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत फोन घेऊन बसायची, आणि आम्ही दोघी मिळून फिरून यायचो. ती पायाने, मी डोळ्यांनी. चार वर्षं हे चाललं.

तिथल्या ठिकाणांना मी माझी नावं ठेवली होती. मुलीने खरी नावं सांगितली होती, पण ती काही माझ्या जिभेवर बसली नाहीत. चर्चच्या मागे ओढ्यावर एक अरुंद दगडी पूल आहे, मधोमध उंच उठलेला. तो 'उंट'. पूल ओलांडून चढ चढलं की टेकडीच्या माथ्यावर दोन दगड उभे आहेत, कोणी आणि कधी उभे केले कोणास ठाऊक. एक उंच आणि पुढे वाकलेला, दुसरा बुटका, ताठ. त्या 'सासू-सून'. सासू-सुनेपासून एक लांबलचक भिंत टेकडीवरून खाली उतरते. चुना-माती काही नाही, नुसता दगडावर दगड. भिंतीच्या एका अंगाने पायवाट जुन्या चुनाभट्टीपाशी उतरते आणि तिथून ओढ्याच्या काठाने परत उंटावर येते. दुसऱ्या अंगाला दगडाची जुनी खाण आहे, पाण्याने भरलेली. तिकडे आम्ही कधी गेलो नाही. मुलगी सांगायची, आई, तिथे कडा एकदम सरळ तुटलाय, उन्हाळ्यात पोरं पोहायला जातात आणि दर दोन-चार वर्षांनी एखादं बुडतं.

या सगळ्याचा मी एक नकाशा काढला होता. एका जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर, पेन्सिलीने. तो स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. माझे यजमान जलसंसाधन खात्यात सब-इंजिनियर होते, आयुष्यभर नहरी, म्हणजे कालवे, मोजले. त्यांना तो नकाशा बघवायचा नाही. चहाची पत्ती काढताना म्हणायचे, "याच्यात उत्तर दिशा कुठाय?"

"मला उत्तर कशाला हवी? मला काय नहर काढायचीय?"

"उत्तरेशिवाय नकाशा म्हणजे चित्र झालं," असं म्हणून हसायचे.

तीन वर्षांपूर्वी मुलीला दिवस गेले. जानेवारीअखेरची तारीख होती. आम्ही दोघांनी जायचं ठरलं, तिकिटं काढली, डिंकाचे लाडू वळून झाले. आणि निघायच्या तीन आठवडे आधी माधव नगरच्या बाजारात भाजी घेऊन वळताना माझा पाय असा काही मुरगळला की घोट्याचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे जमिनीवर पाय टेकायचा नाही.

मी त्यांना एकट्यालाच पाठवलं. ते तयार नव्हते. म्हणाले, मी तिथे जाऊन काय करू, मला ना मालिश येते ना काही. मी म्हटलं, कोणीतरी आपलं माणूस दाराशी असावं. मनात एक भीती होतीच, कारण त्यांना साखरेचा आजार आहे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेतात, आणि घेतल्यावर वेळेवर खाल्लं नाही तर हात कापायला लागतात, बोलणं अडखळतं. इथे मी होते बघायला. तिथे मुलीला सगळं लिहून पाठवलं. खालच्या मजल्यावरच्या भाभी माझ्या सोबतीला सकाळ-दुपार येऊन बसायच्या. मूळच्या तराणा गावाकडच्या. बोलायला खरखरीत, पण मायाळू.

ते जाऊन बारा दिवस झाले होते. त्या दिवशी आमच्याकडे साडेअकराच्या सुमारास जावयांचा फोन आला. मुलीला कळा सुरू झाल्यात, दवाखान्यात नेतोय, बाबांना घरीच ठेवलंय. तिथे सकाळचे सहा. दवाखाना पाऊण तासावर. मी म्हटलं, जा तुम्ही, आमची काळजी करू नका. मग मी यजमानांना फोन केला. म्हणाले, "मी ठीक आहे. अंघोळ करतो, नाश्ता करतो, बसतो फोनजवळ."

तेव्हापासून मी पलंगावर पाय उशीवर ठेवून बसून होते. जेवण गेलं नाही. भाभी शेजारी मटार सोलत बसल्या होत्या. पावणेतीनला फोन वाजला. यजमानांचा होता.

"अगं, झोपली होतीस का?"

अडतीस वर्षांचा संसार. हा माणूस असला बिनकामाचा प्रश्न विचारतो तेव्हा पुढे काहीतरी असतं.

"तिचं काय झालं?"

"तिचं काही नाही. अजून फोन नाही आला. मी जरा बाहेर पडलो होतो."

"बाहेर म्हणजे?"

"घरात बसवेना गं. नुसतं घड्याळ बघत होतो. म्हटलं एक चक्कर मारून येऊ. पुलापर्यंत आलो तेव्हा चांगलं दिसत होतं. मग वर चढलो, आणि धुकं आलं."

"आत्ता कुठे आहात?"

"तेच तर," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजामागे मेंढ्या ओरडत होत्या. एरवी मला त्यांचा आवाज आवडायचा.

"जसे गेलात तसे परत या ना."

"दिसत नाही गं काही. हात लांब केला तर पंजा पुसट दिसतो. पायवाट सुटली माझी. अर्धा तास फिरतोय, नुसतं गवत आणि चिखल. फोनवर नकाशा उघडत नाही, नुसता गोल फिरतोय. जावयांना लावला दोनदा, उचलत नाहीत. तिला लावायचा नव्हता."

मी पहिला प्रश्न विचारला तो इन्सुलिनचा. "सातला घेतलं," म्हणाले. नाश्ता? त्यावर ते धुक्याचंच सांगायला लागले.

"अहो, नाश्ता केलात का?"

"ब्रेड भाजायला काढला होता. म्हटलं आल्यावर खातो."

तिथे तेव्हा सव्वानऊ वाजले होते. सव्वादोन तास झाले होते इन्सुलिन घेऊन, आणि वर हा माणूस टेकडी चढला होता.

"खिशात काही आहे? खडीसाखर?"

"ती माझ्या कोटात. हा जावयांचा कोट घातलाय, जाड म्हणून."

"त्यांच्या कोटाचे खिसे बघा. सगळे. आतला पण."

खसखस आवाज आला. किल्ली, रुमाल, कसली तरी पावती, आणि दोन गोळ्या. पुदिन्याच्या. "आत्ताच्या आत्ता तोंडात टाका, दोन्ही," मी म्हटलं. कागद काढायला त्यांना फार वेळ लागला. हात कापत असणार. थंडीने की साखरेने, ते मला इथून कसं कळणार?

भाभी मटार ठेवून उठल्या होत्या. मी एका हाताने फोन झाकला आणि म्हटलं, "भाभी, रसोई में, अलमारी के दरवाज़े पे अंदर से एक कागज़ चिपका है. वो फाड़ के ले आओ."

त्यांनी काही विचारलं नाही. आणून दिलं. एक कोपरा तिथेच दाराला राहिला.

"फोनमध्ये बॅटरी किती?"

"बारा टक्के."

"तिकडच्या पोलिसांचा नंबर लावा."

"काय सांगू त्यांना? कुठे आहे मी? मेंढ्यांच्या मधे आहे? आणि त्यांचं बोलणं मला एका वेळेला कळत नाही." मग म्हणाले, "पोरीच्या या दिवसाला पोलीस नको गं."

आज वाटतं, तेव्हाच हट्ट धरायला हवा होता. पण मी नकाशाकडे बघत होते. म्हटलं, "आसपास काय दिसतंय ते सांगा. काहीही. हळूहळू चाला, पाय आधी टेकून बघा."

ते चालायला लागले. श्वासाचा आवाज, चिखलात बूट निघतानाचा आवाज. इथल्या फ्रीगंज बाजारातून घेतलेले साधे कॅनव्हासचे बूट होते ते. खाली नानाखेडा बसस्टँडवर कंडक्टर इंदौर-इंदौर ओरडत होता. मी भाभींना खिडकी लावायला सांगितली. मला तिकडचं ऐकायचं होतं.

पाचेक मिनिटांनी ते म्हणाले, "दगड आहे. मोठा. माणसाहून उंच. आणि एक लहान, बाजूला."

"उंच आहे तो वाकलाय का?"

"हो. वाकलाय."

मला रडू फुटणार होतं. "सासू-सून आहेत त्या. अहो, तुम्ही माथ्यावर आहात. आता ऐका. तिथून एक दगडी भिंत खाली जाते. सापडली?"

त्यांनी हाताने चाचपडून शोधली. "सापडली."

"आता ती भिंत डाव्या हाताला ठेवायची आणि उतरायचं. हात भिंतीवरून काढायचा नाही. खाली चुनाभट्टी लागेल, कमानीसारखं तोंड आहे तिला. तिथून ओढ्याचा आवाज येईल. मग पूल आला समजा."

"डाव्या हाताला?"

"डाव्या. मी रोज बघते."

ते उतरायला लागले. मी भाभींच्या फोनवरून जावयांना लावायला सांगितला. यजमानांना ते ऐकू गेलं असावं. "त्यांना नको लावू," म्हणाले, "तिथे काय चाललं असेल काय माहीत." मी भाभींना लावा म्हणून खूण केली. भाभींनी एकदा लावला, वाजून बंद झाला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा समोरून कापला गेला.

"भिंत आहे का हाताला?"

"आहे."

"उतार आहे?"

"आहे. पण पायवाट अशी काही नाही इथे. काटेरी झुडपं आहेत."

चुनाभट्टीच्या वाटेवर झुडपं मी कधी पाहिली नव्हती. हिवाळ्यात वाढली असतील, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं सांगायला नको, तेव्हाच मनात काहीतरी खटकलं होतं. पण इतक्या ठामपणे सांगून बसले होते की आता शंका बोलून दाखवायची हिंमत झाली नाही.

"ओढा ऐकू येतोय?"

"नाही. काहीच ऐकू येत नाही. एकदम शांत आहे." त्यांचं बोलणं आता जड होत होतं, शब्द लांबत होते. "इथे तार आहे. तारेचं कुंपण. पडलंय मधे. एक पिवळा बोर्ड आहे."

"वाचा."

त्यांनी इंग्रजीत वाचलं, एकेक शब्द. डेंजर. डीप वॉटर. पुढे काहीतरी होतं, ते त्यांना दिसत नव्हतं. "बघतो जरा पुढे होऊन," म्हणाले.

"अहो थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की भाभींच्या हातून फोन पडला. "एक पाऊल टाकू नका. पुढे खाण आहे. कडा आहे सरळ. बसा. होतात तिथेच खाली बसा."

ते बसले. कोटाचा आवाज ऐकला मी बसताना.

खाण भिंतीच्या दुसऱ्या अंगाला होती. म्हणजे मी त्यांना चुकीच्या अंगाने उतरवलं होतं. का? मी नकाशा बघत होते, आणि माझं डोकं चालत नव्हतं. मी तर भिंत रोज बघायची, रोज डाव्या हाताला. मग डोळ्यांसमोर मुलीचा चेहरा आला. चढताना ती मला फोन पुढे करून समोरचं दाखवायची: पूल, चढ, दगड. पण सासू-सुनेपाशी पोचल्यावर फोन आपल्या चेहऱ्यासमोर धरायची आणि उतरता उतरता माझ्याशी गप्पा मारायची. म्हणजे उताराचा सगळा रस्ता मी तिच्या तोंडाकडे बघत, तिच्या पाठीमागचा पाहिला होता. दोन माणसं समोरासमोर उभी असली की एकाचा डावा तो दुसऱ्याचा उजवा. माझ्या डाव्या हाताला दिसणारी भिंत चार वर्षं तिच्या उजव्या हाताला होती. हे मला एकदाही सुचलं नव्हतं. इतकी वर्षं पोरांना पहिली-दुसरीत डावा-उजवा शिकवणारी बाई मी.

सगळं त्यांना समजावत बसायला वेळ नव्हता. मी इतकंच म्हटलं, "उठा. तोंड फिरवा. भिंत आता उजव्या हाताला येईल. तिला धरून परत वर दगडांपर्यंत जा. भिंत संपली की वळसा घालून पलीकडच्या अंगाला या, आणि मग भिंत उजव्या हातालाच ठेवून खाली उतरा. चढताना उजवा, उतरताना पण उजवा. बोला बघू."

"चढताना उजवा. उतरताना उजवा," ते म्हणाले. मग, "थकलोय गं. जरा बसू?"

"बसायचं नाही. उठा म्हणते ना!"

मी त्यांच्याशी त्या आवाजात कधी बोलले नव्हते. ते उठले.

भाभी चौथ्यांदा नंबर लावत होत्या. मी त्यांचा फोन दुसऱ्या कानाला लावला. या वेळी जावयांनी उचलला. दबका, घाईचा आवाज. "आई, आत्ता नाही. तिला ऑपरेशनला नेतायत. बाळाचे ठोके कमी झालेत. मी तुम्हाला करतो."

एका कानात यजमानांचा श्वास, दुसऱ्या कानात हे. मला आठवतं, त्या क्षणी मी खरंच थांबले. फोन ठेवून द्यावा असं वाटलं. माझ्या लेकीला सुरी लावायला नेत होते आणि मी तिच्या नवऱ्याला तिच्यापासून ओढणार होते.

"बाबा टेकडीवर हरवलेत," मी म्हटलं. "इन्सुलिन घेतलंय, खाल्लं काही नाही. दोन दगडांपासून भिंतीने चुनाभट्टीकडे उतरतील. खाणीकडे नाही, चुनाभट्टीकडे. कोणाला तरी पाठवा. तुम्ही नका येऊ. तुम्ही तिच्याजवळ राहा."

मग ते म्हणाले, "शेजारच्या बाईंना सांगतो. पोलिसांना पण. ठेवा."

शेजारच्या बाई म्हणजे चर्चला लागून राहणाऱ्या सत्तरीतल्या एकट्या बाई. कोंबड्या पाळतात. फिरताना मुलीच्या फोनमध्ये डोकावून त्या मला हात करायच्या. एवढीच आमची ओळख.

"दगड आले," यजमान म्हणाले. "वळसा घालतोय." आणि मग, अगदी हळू, "अगं, आपण कुठे चाललोय?"

"घरी. भिंत कुठल्या हाताला?"

"उज..."

फोन बंद झाला. मी परत लावला. बाई इंग्रजीत सांगत होती, हा नंबर सध्या उपलब्ध नाही. मी लावत राहिले. भाभींनी शेवटी माझ्या हातातून फोन काढून घेतला. "दीदी, अब रखो. उधर से आएगा तो लाइन खाली मिलनी चाहिए."

त्यानंतर पन्नास मिनिटं काही नाही.

त्या पन्नास मिनिटांत मी काय केलं? भाभी महाकालाला नवस बोलल्या, जोरात, मला ऐकू जाईल असा. मला हात जोडता येईनात. मी तो कागद मांडीवर घेऊन उताराची सगळी बाजू खोडरबराने पुसली आणि उलटी काढली. कशासाठी, ते विचारू नका. पुसताना कागद फाटला. प्लास्टरच्या आत पाय ठणकत होता. उठून चार पावलं चालता आलं असतं तरी बरं वाटलं असतं. मनात एकच हिशोब चालू होता: वळसा घातला असेल, आता दोनशे-तीनशे पावलं उतरायची, त्यांना किती वेळ लागेल? मधेच बसले तर? बसल्यावर त्यांना झोप लागते. साखर उतरली की झोपच येते. आणि त्याच वेळी दुसरीकडे ते ठोके. कमी झालेले ठोके. कोणाची काळजी आधी करावी हेही मला ठरवता येत नव्हतं. एकीची करताना दुसऱ्याची करत नाही म्हणून अपराधी वाटायचं.

भाभींनी एकदा विचारलं, "आपने बेटी को क्यों नहीं... मतलब दामाद को पहले क्यों नहीं लगाया?" मी म्हटलं, "उन्होंने मना किया था." भाभी माझ्याकडे बघत राहिल्या. बरोबरच होतं त्यांचं.

चार वाजून गेल्यावर भाभींचा फोन वाजला. जावई होते.

"आई, मुलगी झाली." ते रडत होते. "दोघी ठीक आहेत. ती अजून गुंगीत आहे, पण ठीक आहे."

"आणि बाबा?"

"अजून कळलं नाही काही. बाई निघाल्यात कुत्रा घेऊन. पोलिसांची गाडी पण निघालीय."

नात झाल्याची बातमी मी अशी ऐकली. मी "बरं" म्हटलं. दुसरं काही तोंडातून निघालंच नाही. भाभींनी मला मिठी मारली, आणि माझी नजर त्यांच्या खांद्यावरून फोनवरच.

अकरा मिनिटांनी पुन्हा वाजला. ते सापडले होते. चुनाभट्टीच्या कमानीत, भिंतीला पाठ लावून बसले होते. बाईंच्या कुत्र्याने आधी हुंगलं. बाईंनी काय विचारलं ते त्यांना कळत नव्हतं, स्वतःचं नावही नीट सांगता येत नव्हतं. बाई शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांच्या नवऱ्यालाही हाच आजार होता. त्यांनी काही न विचारता खिशातून साखरेचे चौकोनी खडे काढले आणि एकेक त्यांच्या गालात सरकवत राहिल्या, लहान मुलाला भरवावं तसे. मग पोलिसांच्या दोन जवानांनी त्यांना धरून उंटावरून पलीकडे आणलं. रात्रभर दवाखान्यात ठेवलं, त्याच दवाखान्यात. मुलगी तिसऱ्या मजल्यावर, बाप पहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा ते नातीबद्दलच बोलले. केस खूप आहेत, नाक तुझ्यावर गेलंय, डोळे उघडतच नाही. मीही तेच विचारत राहिले. टेकडीचं नाव दोघांनीही काढलं नाही. मुलीला त्यांनी सांगितलं की मी फिरायला गेलो, वाट चुकलो, आईला फोन केला, तिने रस्ता सांगितला. मुलीने मला व्हिडिओवर बाळ दाखवता दाखवता म्हटलं, "आई, तू नसतीस तर काय झालं असतं गं." मी बाळाकडे बघत राहिले.

ते मार्चमध्ये परत आले. माझं प्लास्टर निघालं होतं, काठी घेऊन चालत होते. आल्यावर चार दिवस कौतुकाचे गेले. भाभी, मागच्या गल्लीतले लोक, सगळ्यांना फोटो दाखवून झाले. लोकांना ते माझं कौतुक सांगायचे. हिने इथे बसून मला तिथे वाट दाखवली, इंग्लंडची वाट, कधी न पाहिलेली. लोक वाहवा करायचे. मला ते ऐकवेना. पाचव्या दिवशी सकाळी ते पोहे खात बसले होते तेव्हा मी म्हटलं, "तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी मी तुम्हाला खाणीकडे पाठवलं."

त्यांनी चमचा खाली ठेवला नाही. "माहीत आहे," म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"बोर्ड वाचला तेव्हाच कळलं ना. तू डावा म्हणालीस आणि खाण आली. नहरी मोजल्यात मी."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तेव्हा बोललो असतो तर तू घाबरली असतीस. पुढचं सांगायला कोण होतं मला?"

"आणि नंतर? दोन महिने? सगळ्यांना सांगत सुटलात, हिने वाट दाखवली म्हणून."

"दाखवलीसच की. दुसऱ्यांदा." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पोलिसांना फोन कर म्हणालीस, तो मी केला नाही. जावयांना लावू नको म्हटलं. ते पण मीच. नाश्ता न करता निघालो, ते कोणी सांगितलं होतं? तू तुझं एकच धरून बसलीयस."

मला रागच आला. दोन महिने मी एकटीने ते उरावर घेऊन काढले होते. पाय उचलून ठेवलेल्या प्रत्येक दुपारी मला ते 'बघतो जरा पुढे होऊन' ऐकू यायचं. आणि या माणसाला सगळं माहीत होतं, आणि हा तिकडे शांतपणे नातीला खेळवत होता. मी तसं म्हणाले त्यांना. आवाज चढला माझा. ते ऐकत राहिले. पोहे गार झाले.

शेवटी ते म्हणाले, "मुलीला सांगायचं का?"

"सांगायचं," मी म्हटलं.

आम्ही दोघांनी मिळून तिला फोन केला. मी सगळं सांगितलं, डाव्या-उजव्यासकट. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मला ऑपरेशनला नेत होते तेव्हा बाबा खाणीच्या तोंडाशी होते." आणि रडायला लागली, आणि मग चिडली, दोघांवरही. इतकी चिडली की तिने फोन ठेवून दिला. दोन दिवस तिने बाळाचा फोटोसुद्धा पाठवला नाही.

तिसऱ्या दिवशी दीड वाजता तिचा फोन आला. बाळाला पोटाशी बांधून ती फिरायला निघाली होती. माझ्याशी नीट बोलली नाही, नुसती चालत राहिली. पूल, चढ, ते दोन दगड; तिथून पुढेही तिने फोन समोरच धरला, भिंत उजव्या हाताला दिसत होती. यजमान माझ्या शेजारी बाल्कनीत खुर्ची ओढून बसले होते. आम्ही दोघंही तिच्या मागोमाग टेकडी उतरलो.